‘बाया टिकत नाहीत’ म्हणणाऱ्या संस्थाचालकांना खुले पत्र

मराठवाड्यातील वृद्धाश्रम व शुश्रूषा केंद्रांचे संचालक, विश्वस्त आणि व्यवस्थापक यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, "सिस्टर, दोन-चार चांगल्या बाया असतील तर पाठवा, आमच्याकडं कुणी टिकेना झालंय," असा फोन आपल्यापैकी कुणाचा ना कुणाचा मला येतच असतो. फोन लातूरचा असो, नांदेडचा असो की संभाजीनगरचा, वाक्य बदलत नाही. त्याला जोडून येणारं दुसरं वाक्यही आता पाठ झालंय: "लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाल्यापासून कुणाला कामच नकोय."

हे दुसरं वाक्य आधी बाजूला काढते. योजना सुरू झाली जुलै २०२४ मध्ये. बाया टिकत नाहीत ही तक्रार मी त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकतेय. नऊ-दहा हजारांची नोकरी पंधराशे रुपयांसाठी कुणी सोडत नसतं. पंधराशेनं फार तर एवढं होतं, की अपमान झालाच तर दुसरं काम मिळेपर्यंत घरात पीठमीठ राहील इतका धीर बाईला येतो. तेवढ्या धीरानंसुद्धा तुमचा वॉर्ड रिकामा होत असेल, तर योजनेला नावं ठेवण्याआधी वॉर्डात काय चाललंय ते बघावं लागेल.

मी सरकारी दवाखान्यातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. पुढं काही वर्षं एका शुश्रूषा केंद्रात इन्चार्ज होते, ड्युटी चार्ट लावायचे. आता वेगवेगळ्या केंद्रांत नव्या बायांना शिकवायला जाते: कूस कशी बदलायची, नळीनं कसं भरवायचं, साखर उतरल्याचं कसं ओळखायचं. त्यामुळे येणाऱ्या बाया मला भेटतात आणि जाणाऱ्याही. जाणारी बाई तुम्हाला जे कारण सांगते ते सहसा खरं नसतं. सासू आजारी आहे, लेकराच्या शाळेचं बघायचंय, गावाकडं घर बांधायला काढलंय. राहिलेल्या दिवसांचा पगार हातात पडेपर्यंत खरं कोण बोलेल? मला मात्र बसस्टँडवर भेटली की सांगतात.

त्यातल्या एकीनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिते. "सिस्टर, हितं पाच वरीस राहिलं काय अन् पाच दिस राहिलं काय, सारखंच हाय की."

बाईचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पाच वर्षं काढलेल्या तिला जो पगार होता, तोच त्या महिन्यात लागलेल्या मुलीला होता. उलट त्या मुलीला पाचशे रुपये जास्तच ठरले होते, कारण ती आली तेव्हा संस्था अडचणीत होती, रात्रपाळीला कुणीच नव्हतं आणि मुलीनं अडून मागितले. जुनी बाई मागत नव्हती म्हणून तिला मिळाले नाहीत. पुढच्या महिन्यात ती गेली. घरोघरी आया पुरवणाऱ्या पुण्याच्या ब्युरोत नाव नोंदवलं, एका बंगल्यात चोवीस तासांची ड्युटी धरली. आज तिच्याबद्दल त्या संस्थेत काय बोलतात? "पैशाला लागली."

आपल्याकडं टिकून राहण्याला काही किंमतच नाही, हे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं. पगार कमी आहे हे तर खरंच, त्यावर पुढं बोलेन. पण कमी पगारातसुद्धा माणूस थांबतो, जर थांबल्यानं काही वाढत असेल तर. आपल्याकडं राहिल्यानं पगार वाढत नाही, काम हलकं होत नाही, रात्रपाळ्या कमी होत नाहीत, बोलायचा अधिकार मिळत नाही. वाढते ती फक्त पाठदुखी. अशा ठिकाणी का टिकत नाहीत यापेक्षा इतक्या दिवस का टिकल्या, हेच मला कोडं वाटतं.

दसऱ्याचं उदाहरण घ्या. आपल्या भागातल्या संस्थांत दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास एकदम चार-पाच बाया कमी होतात. केज, धारूर, गंगाखेड, जळकोट, कंधार या बाजूच्या बाया असतील तर हमखास. कारण तुम्हाला माहीत आहे. ऊसतोडीला कोयता निघतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको नोकरीत अडकली तर नवऱ्याचा अर्धा कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही अर्धीच मिळते. मुलीच्या लग्नाचं नाहीतर बोअरचं कर्ज डोक्यावर असलेल्या घरात पन्नास हजार-लाखाची उचल एकदम समोर आली की तुमचे महिन्याचे नऊ हजार कुठं लागणार? बाई जाते. थंडीत उघड्यावर पाचटाच्या कोपीत राहायला जाते, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायला जाते. तुमच्याकडं डोक्यावर स्लॅब होता तरी जाते.

आता या ऊसतोडीच्या धंद्यातला मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार बघा. मुकादमाबद्दल मला प्रेम नाही, त्यानं नाडलेली कुटुंबं मी दवाखान्यात पाहिलीत. पण खात्रीची, जास्त टन पाडणारी जोडी दुसऱ्या टोळीत जाऊ नये म्हणून तो तिला जास्त उचल देतो. माणूस धरून ठेवायला पैसे लागतात एवढं त्याला कळतं. ऊसतोड कामगारांच्या संघटना आहेत, साखर संघाशी त्यांची बोलणी होतात, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. त्यांच्यासाठी महामंडळ आहे. धुणीभांडी करणाऱ्या घरकामगारांसाठीसुद्धा २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. म्हाताऱ्या माणसाचं हगणं-मुतणं काढणाऱ्या बाईसाठी काय आहे? ना संघटना, ना मंडळ, ना ठरलेलं नाव. कुठं मावशी, कुठं आयाबाई, कुठं मदतनीस. शासनाच्या कागदात काळजीवाहक.

बाई गेली की नेमकं काय जातं ते आता सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण ‘एक गेली, दुसरी आणू’ या हिशोबात आहेत.

आमच्याकडं एक आजोबा होते, निवृत्त मास्तर. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डाव्या बाजूचं दिसायचं नाही, आणि हळूहळू स्मृतिभ्रंशही सुरू झालेला. चमचा तोंडाजवळ नेला की ते दात घट्ट मिटायचे. त्यांना सांभाळणाऱ्या मावशीनं काही दिवसांत त्यांची खोड ओळखली. ती भाकरी कुस्करायची, त्यावर पातळ वरण ओतायची आणि ताट त्यांच्या पुढ्यात ठेवून त्यांचाच उजवा हात कोपराखाली धरून पहिल्या घासाला लावायची. पहिला घास स्वतःच्या हातानं गेला की पुढचे आपोआप जायचे. ताटाचा उजवा अर्धा भाग संपला की आजोबा थांबायचे, कारण डावा भाग त्यांच्यासाठी ताटात नव्हताच. मग ती ताट अर्धं फिरवायची. आजोबा पुन्हा जेवायला लागायचे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकलेली असून मलाही ते तिच्याकडूनच कळलं. जेवण झाल्यावर अर्धा तास त्यांना बसतं ठेवायची, लगेच आडवं केलं तर ठसका लागतो म्हणून.

ती गेली. तिच्या जागी आलेली मुलगी वाईट नव्हती. आजोबांनी अर्धं ताट सोडलं की "झालं का बाबा?" म्हणून ती ताट उचलायची. बाबा काही म्हणायचे नाहीत. तीही महिन्याभरात गेली, दुसरी आली, तिनं चमच्यानं भरवायचा प्रयत्न केला, त्यांनी हात झटकला, चावले. रजिस्टरला नोंद झाली: ‘पेशंट जेवणास नकार देतो, आक्रमक’. पायजम्याची नाडी दोन बोटं जास्त आवळावी लागतेय हे कपडे बदलणाऱ्याला दिसलं असतं, पण कपडे बदलणारा माणूस रोज वेगळा. शेवटी नाकात नळी घातली. फाईलमध्ये त्यांचं बीपी होतं, साखर होती, सगळ्या गोळ्या होत्या. ताट फिरवायचं हे कुठंच नव्हतं.

हे लिहून ठेवता आलं असतं, असं कुणी म्हणेल. मान्य आहे, आणि प्रत्येक खाटेशी असा एक कागद लावा असं मी जिथं जाते तिथं सांगते. पण ओळखायला माणूस थांबावा लागतो. आजीच्या लघवीला वास यायला लागला आणि ती अचानक असंबद्ध बोलायला लागली तर डोकं फिरलेलं नाही, लघवीचा संसर्ग असू शकतो. हा फरक कालची आजी माहीत असलेल्या बाईलाच कळतो. आज आलेलीला वाटतं आजी अशीच असेल.

आता रात्रपाळीचा हिशोब. हा मी बऱ्याच बैठकांत फळ्यावर मांडलाय आणि दरवेळी समोरचे चहाकडं बघायला लागतात. समजा वॉर्डात वीस जण अंथरुणाला खिळलेले आहेत. पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हा साधा नियम. एका माणसाची कूस बदलणं, डायपर बघणं, ओला असेल तर बदलणं, चादरीची सुरकुती काढणं, उशा लावणं, याला दहा मिनिटं धरू. मी कमीच धरतेय. वीस जणांना दोनशे मिनिटं होतात. दोन तासांत मिनिटं असतात एकशेवीस. म्हणजे रात्री एका बाईवर वॉर्ड सोडला तर तुमचा नियम पाळणं अशक्यच आहे, ती कितीही प्रामाणिक असली तरी. सत्तर किलोचा माणूस एकटीनं वळवताना तिची कंबर जाते ती वेगळीच. सकाळी जखम दिसली की मात्र नातेवाईक विचारतात, रात्री कोण होतं?

आणि सकाळी आठला सुटायची बाई, तर रिलीव्हर आलेलीच नसते. "आजच्या दिवस डबल कर." डबलचे पैसे कधी दीडपट, कधी साधे, कधी ‘नंतर बघू’. एक खाडा पडला की दोन दिवसांचा पगार कापणारी संस्था मी पाहिलीय. डबल ड्युटीला दुप्पट पैसे देणारी अजून पाहायची आहे.

उन्हाळ्याचं एक वेगळंच प्रकरण आहे, ते पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना सांगून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी पार करतो आणि त्याच वेळी बोअर आटतं. टँकर येतो तो सांगितलेल्या दिवशी येईलच असं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळ्या देशानं ते बघितलं. तेवढी अवस्था दरवर्षी नसते, पण वॉर्डात रोज निघणाऱ्या घाण चादरी पाण्याची वाट बघत थांबत नाहीत. वॉशिंग मशिनला पाणी जास्त लागतं म्हणून ते बंद. मग बाया आधी घासणीनं घाण खरवडतात, एका टबात जंतुनाशक, दुसऱ्या टबात तेच तेच पाणी फिरवत धुतात, दुपारच्या उन्हात, गच्चीवर. पातळ हातमोजे तासाभरात फाटतात. दुसरी जोडी मागितली तर स्टोअरकीपर विचारतो, "कालच तर दिली होती ना?" घरीही पाणी नाही, त्यामुळे अंगाला वास घेऊन बसमध्ये चढायचं. बायांच्या नोकऱ्या सोडण्याचा एक मोसम दसऱ्याला असतो तसा दुसरा मेमध्ये असतो. त्याचं खापर लगीनसराईवर फोडलं जातं.

काही गोष्टी थोडक्यात लिहिते, कारण त्या सगळ्यांना माहीत आहेत आणि सगळे त्यावर गप्प असतात. स्वयंपाकघरातल्या बाया वॉर्डातल्या बायांसोबत जेवायला बसत नाहीत, आणि त्याला तुम्ही ‘त्यांचं त्यांचं’ म्हणता. वॉर्डातल्या बहुतेक बाया कुठल्या समाजातून येतात हे हजेरीपट वाचला तरी कळतं. मावशीसाठी चहाचा कप वेगळा ठेवायला सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत आणि तो कप आणून देणारे मॅनेजरही. अंघोळ घालताना नको तिथं हात लावणारे म्हातारे असतात. काहींना आजारामुळं भान नसतं, काहींना ते चांगलं असतं. दोन्ही वेळा बाईला एकच उत्तर मिळतं: "वयस्कर आहेत, मनावर घेऊ नको." पुरुष पेशंटला पुरुष कर्मचारी, म्हणजे मामा द्या म्हटलं की उत्तर येतं, "मामा मिळत नाहीत." मामाला तेवढ्याच कामाला दोन हजार जास्त द्यावे लागतात, हे त्यातलं न बोललेलं वाक्य.

आणि चोरीचा आळ. एका केंद्रात आजीच्या कानातलं सापडेना, तर त्या पाळीच्या सगळ्या बायांच्या पिशव्या गेटवर, वॉचमनसमोर उलट्या केल्या. पोलिसात देण्याची धमकी झाली. चार दिवसांनी मुलीचा फोन आला, कानातलं तिनंच मागच्या भेटीत काढून नेलं होतं. माफी कुणी मागितली नाही. त्या आठवड्यात दोघी काम सोडून गेल्या, दोघीही चांगल्या होत्या.

तुमच्या बाजूचंही मला माहीत आहे. अनुदानित असाल तर अनुदान वेळेवर येत नाही. १९९५ पासूनच्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेपासून आजवर, ज्यांनी ज्यांनी सरकारच्या पैशावर संस्था चालवली त्यांना मुंबईच्या चकरा ठाऊक आहेत. फीवर चालवत असाल तर नातेवाईक तीन महिने फी थकवतात आणि म्हाताऱ्याला रस्त्यावर काढता येत नाही. देणगीदारांचं तर विचारूच नका. पंख्यावर नाव, कुलरवर नाव, बाकड्यावर नाव. वाढदिवसाला जिलेबी वाटून फोटो काढून जातात, मधुमेहाच्या आजोबांनाही जिलेबी. रात्रपाळीच्या बाईच्या पगारासाठी देणगी दिली असं एकदाही ऐकलं नाही. पण खरं सांगा, तुम्ही ती मागितली होती का? दर्शनी भागात अन्नदानाचा दर लिहिलेला फलक असतो. त्याखाली ‘एका मावशीचा एक महिन्याचा पगार’ अशी ओळ घालून बघा. देणारे आहेत. त्यांना कुणी मागत नाही.

कायद्याकडून फार आशा धरू नका, पण तो वाचून तरी ठेवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये दर जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सरकारनं सुरू करावा असं म्हटलंय, आणि तेही ‘करू शकेल’ या भाषेत. तिथं काम करणाऱ्यांची संख्या, शिक्षण, पगार यावर कायद्यात काही ठरवून दिलेलं नाही. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं गेलं, पण मंजूर न होता त्या लोकसभेबरोबरच संपलं. म्हणजे आज तरी वॉर्डात किती माणसं ठेवायची हे बऱ्याच अंशी तुमच्या मनावर आहे.

मजुरीचं मात्र तसं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात नेमणूकपत्र द्यायचंय, पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार द्यायचाय, आठवड्यातून एक सुट्टी द्यायचीय, जादा तासांना दुप्पट दर द्यायचाय, आणि काम सोडलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब पूर्ण करायचाय. पहिल्या महिन्याचा पगार ‘दाबून’ ठेवण्याची आपली पद्धत यात कुठं बसते ते तुमच्या सीएला विचारा. मूळ मार्कलिस्ट आणि आधार कार्ड कपाटात कुलूप लावून ठेवण्याची पद्धतही विचारा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा आहे. दहा हजार पगारावर बाईचे पंचाहत्तर रुपये जातात, तुमचे तीनशे पंचवीस. त्यात तिची कंबर, तिचं बाळंतपण, आजारपणातली भरपगारी नसली तरी काही पगाराची रजा, एवढं बसतं. ‘बायाच नको म्हणतात, हातात जास्त पाहिजे म्हणतात’ हे मी ऐकलंय. त्यांना समजावून सांगायला कुणी अर्धा तास बसलं होतं का, हे मात्र ऐकलेलं नाही.

पैशाचा हिशोब मांडते, म्हणजे ‘परवडत नाही’ या शब्दाला आकडा येईल. तीस खाटांचं केंद्र धरा, खाटेमागं महिना चौदा हजार फी आणि बारा बाया-मामा. प्रत्येक पूर्ण वर्षाला महिन्याचा पगार पाचशे रुपयांनी वाढेल असं लेखी ठरवा. सगळे बाराच्या बारा जण तीन-तीन वर्षं टिकले, म्हणजे तुमचं स्वप्नच पूर्ण झालं, तरी जादा खर्च महिन्याला अठरा हजार. खाटेमागं सहाशे रुपये. आई पडली, जखम झाली म्हणून एका घरानं तिला घरी नेलं आणि एक खाट महिनाभर रिकामी राहिली तर चौदा हजार जातात. दोन रिकाम्या राहिल्या तर तुमच्या वाढीचा खर्च निघून वर दहा हजार बुडाले. नवी बाई शिकेपर्यंत फुकट जाणारे डायपर आणि अँटिबायोटिक मी यात धरलेलेच नाहीत.

पैशाच्या बरोबरीनं ड्युटी चार्ट बदला. तो महिन्याच्या आधी लागला पाहिजे, भिंतीवर, शाईनं. दोन वर्षं झालेल्या बाईला महिन्यातल्या रात्रपाळ्या कमी, आणि तिच्याकडं ठरावीक सहा-सात खाटा कायम. त्या आजी-आजोबांबद्दल डॉक्टरांच्या राऊंडला ती बोलेल, इन्चार्जच्या मागं उभी राहून ऐकणार नाही. नव्या मुलीला पहिले पंधरा दिवस एकटीनं रात्र नाही, ती जुन्या बाईच्या हाताखाली, आणि त्या शिकवण्याचे जुन्या बाईला वेगळे पैसे. बहुतेक नव्या मुली पहिल्या तीन महिन्यांतच जातात आणि त्यातल्या कितीतरी पहिल्या एकट्या रात्रीनंतर. त्या रात्री कुणीतरी गेलेलं असतं, प्रेत बांधायचं असतं आणि ही वीस-बावीस वर्षांची पोर फोन हातात घेऊन जिन्यात बसलेली असते.

सणाच्या सुट्टीचं तर तुम्ही स्वतःच अवघड करून ठेवलंय. छापील कॅलेंडर बघून यादी लावता. लातूर-धाराशिवकडच्या बाईला येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जायचं असतं. सबंध गाव रिकामं होतं, सासर-माहेर सगळं त्या दिवशी झाडाखाली जेवायला बसतं, आणि हिला सुट्टी नाही, कारण ती यादीत नाही. मग ती सांगून मिळणार नाही म्हणून न सांगता जाते आणि तुम्ही खाडा लावता. येळवस, पोळा, महालक्ष्म्या हे तीन दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून वाटून घ्या. यंदा जिला येळवस मिळाली तिला पुढच्या वर्षी महालक्ष्म्या. बाया आपसात अदलाबदल करतात, तुमच्यापेक्षा चांगली करतात. एका केंद्रात हे आम्ही केलं आणि त्या अमावस्येला कुणीही न सांगता गैरहजर राहिलं नाही. खर्च शून्य.

आणि कोयत्याचं. ज्या घरातल्या बाईला दसऱ्याला जावंच लागतं तिला जाऊ द्या, पण तिची जागा आणि तिची वर्षं धरून ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येते, तेव्हा तिला नवी म्हणून तळाच्या पगारावर घेऊ नका. त्याआधी श्रावणातच तिला विचारा की किती उचल घेतलीय. संस्थेनं पंधरा-वीस हजार बिनव्याजी आगाऊ दिले आणि महिन्याला हजारानं कापले तर काही जणी जायच्या थांबतील. सगळ्या नाही. पण बाराजणींतल्या दोघी थांबल्या तरी दिवाळीतल्या डबल ड्युट्या वाचतात.

कौशल्य विकासात जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांच्या देखभालीचा कोर्स केलेल्या मुलामुलींबद्दल एक. ही पोरं शिकतात इथं आणि प्रमाणपत्र हातात पडलं की पुण्याची गाडी धरतात. त्यांना दोष देऊ नका. प्रमाणपत्र असलेली आणि नसलेली दोघं तुमच्याकडं एकाच पगारावर असतील तर ते कशाला थांबतील?

मला तुमच्याकडून दसऱ्याच्या आधी दोन गोष्टी हव्यात. गेल्या वर्षभरात तुमच्या संस्थेतून किती जण गेले आणि त्यातले किती पहिल्या तीन महिन्यांत गेले, हे हजेरीपटावरून मोजून काढा. आणि सगळ्यात जुन्या बाईचा आणि सगळ्यात नव्या बाईचा पगार शेजारी-शेजारी लिहा. पुढच्या बैठकीला हे कागद घेऊन या, माणसं मिळत नाहीत यावर मग बोलू. त्या बैठकीला प्रत्येक संस्थेनं वॉर्डातली एक मावशी आणायची आहे. तिचा तो दिवस भरपगारी, येण्या-जाण्याचं भाडं संस्थेनं द्यायचं, आणि बसायला खुर्ची तुमच्याच रांगेत.

यातलं जे जमणार नाही ते जरूर कळवा, पण कळवताना सोबत आकडा लिहा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, लातूर

प्रत माहितीसाठी: सहायक आयुक्त, समाज कल्याण, मराठवाड्यातील सर्व आठ जिल्हे